भिंतीपासून हातभर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर मसिस्कांचा फोन आला. मी तेव्हा एका होडीच्या पोटात बसून वाकसाने लाकूड तासत होतो. त्यांनी विचारलं, "बाबा, कसाव्याचं पीठ आहे का घरात? तुमच्या हातचं, बारीक?"

मी म्हटलं, आहे.

त्या म्हणाल्या, सोनोग्राफीच्या मशीनला लागणारं जेल संपलंय, राजधानीहून यायला अजून दोन आठवडे लागतील आणि वॉर्ड पुन्हा भरलाय. तिथल्या बायकांनी पीठ शिजवून पाहिलं, पण गुठळ्या राहतात, आणि गुठळी राहिली की पडद्यावर नीट दिसत नाही. मी येऊन एक पातेलं करून देईन का?

येतो म्हटलं. फोन ठेवला आणि वाकस खाली ठेवलं.

माझी बायको त्याच वॉर्डात वारली, जानेवारीच्या एकोणीस तारखेला. तेव्हापासून मी त्या रस्त्याला गेलो नव्हतो. लाकूड आणायलासुद्धा दुसऱ्या बाजूने जायचो. सहा महिने माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता आणि तो कोणाला विचारता येत नव्हता, मुलीलाही नाही. मी तिला मारलं का? उत्तर डॉक्टरांच्या मशीनमध्ये होतं. काढलेलं प्रत्येक चित्र त्यात तारीख आणि वेळेसकट राहतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून मी पीठ घेऊन निघालो. नुसत्या जेलसाठी निघालो असं म्हटलं तर खोटं होईल.

तिचं नाव लुसुंगु. पण आमच्याकडे, मलावीत, बायकोला तिच्या बापाच्या कुळाच्या नावाने हाक मारतात, म्हणून मी तिला एकतीस वर्षं न्यालोंग्वे म्हणत आलो. ती मला माझ्या कुळाच्या नावाने, म्होने म्हणायची. चारचौघांत आदराने आणि घरात चेष्टेने, हाक मात्र तीच.

नवीन वर्षाच्या प्रार्थनेत ती गायली. घरी आली तेव्हा घसा बसला होता, मग आठवडाभराने ताप आला, आणि तापाच्या पाचव्या दिवशी चुलीपासून दारापर्यंत येताना ती दोनदा बसली. मी तिला मासे नेणाऱ्या गाडीच्या मागे बसवून जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. वाटेत ती म्हणाली, मासळीच्या वासाने तरी डॉक्टर लवकर हाकलतील. पुढे ती फारसं बोलली नाही. श्वास पुरत नव्हता.

इस्पितळात प्रत्येक रोग्याबरोबर घरचं एक माणूस राहतं. स्वयंपाक, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं त्याच्याकडे. एका नर्सला तीस खाटा असतात, ती किती करणार? हे माणूस बहुतेक वेळा बाई असते. पण आमची मुलगी वेझी जोहान्सबर्गला, आणि साथीमुळे सीमा बंद. माझ्या बहिणीने फोनवर रडून सांगितलं की तिला आजाराची भीती वाटते. मी तिला दोष दिला नाही. मग मीच राहिलो. सोबतीच्या माणसांसाठी मागे एक पडवी होती, तिथे वीसेक चुली होत्या. चुलीशी सगळ्या बायका, आणि त्यांच्यात मी एकटा पुरुष.

त्यांच्यात न्याकामांगा नावाची एक म्हातारी होती. तिच्या तोंडाला लगाम नव्हता. पहिल्या दिवशी मी कोंडोवोले ढवळायला बसलो, तर ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "होडीवाल्या, ढवळायला वल्हं आणायचं विसरलास वाटतं." बायका हसल्या. कोंडोवोले म्हणजे आमचं रोजचं जेवण, कसाव्याच्या पिठाचा गोळा. तो इतका चिवट असतो की दोन्ही पाय लावून ढवळावा लागतो. मी आयुष्यात कधी ढवळला नव्हता. त्या दिवशीच्या गोळ्यात इतक्या गुठळ्या होत्या की न्यालोंग्वेने एक घास तोंडात फिरवला आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली.

एक्स-रेची खोली मैदानाच्या पलीकडे होती. तिथपर्यंत ऑक्सिजन पोहोचत नव्हता, आणि ऑक्सिजन काढून तिला नेली असती तर ती वाटेतच गेली असती. म्हणून डॉक्टर मसिस्का बाळंतिणींच्या वॉर्डातलं सोनोग्राफीचं मशीन ढकलत घेऊन आल्या. इस्पितळात तेवढं एकच होतं. डॉक्टर तिशीच्या आतल्या. खरं तर त्या तीन वर्षं शिकलेल्या, पूर्ण डॉक्टर नव्हेत, पण आमच्याकडे रोग्याला हात लावून उपाय सांगतो तो डॉक्टर. त्या मशीनने फुप्फुसं कशी बघायची हे त्या दोन आठवडे कुठेतरी जाऊन शिकून आल्या होत्या.

त्या मशीनवर पोटुशी बाई बघतात हे सगळ्या गावांना माहीत होतं. न्यालोंग्वेने मशीन पाहिलं, मग मला पाहिलं, आणि तोंडावरचा मास्क थोडा उचलून म्हणाली, "म्होने, बावन्नाव्या वर्षी? मला तरी सांगायचंत."

डॉक्टरांना हसू आलं. "मावशी, मास्क खाली."

जेल दुसऱ्याच दिवशी संपलं. डॉक्टर पडवीत आल्या आणि विचारलं की कसाव्याचं पीठ कोणाकडे आहे. त्यांच्याकडे एका कागदावर कृती होती: एक वाटी पीठ, आठ वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, पारदर्शक होईपर्यंत मंद आचेवर. बायका आपापल्या रोग्यांच्या जेवणाच्या घाईत होत्या. मी हात वर केला. पहिलं पातेलं पाहून डॉक्टर म्हणाल्या, "बाबा, हे लावायचंय, जेवायचं नाही." दुसऱ्या वेळी मी पीठ आधी थंड पाण्यात कालवलं आणि कापडातून गाळलं, होडीच्या फटी भरायचा डिंक गाळतो तसं. ते जमलं. न्याकामांगा पातेल्यात डोकावली आणि बायकांना म्हणाली, पोरींनो, बघून ठेवा, याच्या कोंडोवोल्याला गुठळ्या आणि खळीला एक नाही. थंडगार खळ पाठीवर लावली तेव्हा न्यालोंग्वे शहारली आणि म्हणाली की लग्नात तेल लावलं होतं ते बरं होतं.

मी पडद्याकडे बघायला शिकलो. फुप्फुस चांगलं असलं की आडव्या रेघा दिसतात, एकाखाली एक. ओलं झालं की उभ्या पांढऱ्या रेघा वरपासून खालपर्यंत उतरतात, सरोवरात बत्त्यांचा उजेड उतरतो तशा. आणि तिच्या पाठीच्या खालच्या भागात दोन्ही नव्हतं. तिथे करड्या रंगाचं भरीव काहीतरी दिसत होतं. डॉक्टर म्हणाल्या, तिथे हवा उरलेलीच नाही, कलेजीसारखं झालंय. बारा जागा बघायच्या, प्रत्येक जागेला शून्य ते तीन गुण, छत्तीस म्हणजे सगळ्यात वाईट. त्यांनी चिकटपट्टीच्या तुकड्यावर एकोणतीस लिहून तो खाटेच्या डोक्याशी चिकटवला.

मग त्या मला म्हणाल्या, "बाबा, मागच्या बाजूला पाणी झालंय. यांना पालथं झोपवायचं. जितका वेळ सोसेल तितका वेळ. कुशीवर चालेल, उताणं नाही." एवढं बोलून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. त्या दिवशी त्यांच्याकडे अशा सहा खाटा होत्या, आणि बाळंतिणी वेगळ्या.

आता मी काय समजलो ते सांगतो.

मलावी सरोवराच्या काठावर आम्ही राहतो. कोणी बुडालं आणि वेळेत सापडलं, तर आमच्या गावात होडी उलटी करतात आणि त्या माणसाला तिच्यावर पालथं घालतात, डोकं खाली. पाठीवर दाब देतात. पाणी तोंडातून, नाकातून बाहेर पडतं. मी हे दोनदा केलं आहे. एकदा माझ्या धाकट्या भावाला. त्याचं पुष्कळ पाणी निघालं. तो उठला नाही, पण जाणती माणसं म्हणाली की आपल्याला उशीर झाला, नाहीतर उठला असता. डॉक्टरांनी पाणी म्हटलं आणि पालथं म्हटलं, तेव्हा मला विचारायला काही उरलंच नाही. मी निळं प्लास्टिकचं टमरेल घासून आणलं आणि तिच्या तोंडाखाली ठेवलं.

कोणी विचारलं नाही की हे कशाला. रोग्याच्या तोंडाशी टमरेल असतंच.

दुसऱ्या दिवशी चिकटपट्टीवर सत्तावीस झाले. तिसऱ्या दिवशी चोवीस. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, भरीव होतं तिथे आता उभ्या रेघा आल्या होत्या. म्हणजे थोडी हवा शिरते आहे, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण त्या वेळी त्या हसल्या. मी टमरेल पाहिलं. पहिल्या दिवशी लाळ आणि फेस आला होता. तिसऱ्या दिवशी काही नाही. टमरेल कोरडं होतं. मला वाटलं, निघायचं होतं ते पाणी निघून गेलं.

न्यालोंग्वेला पालथं झोपणं आवडत नव्हतं. ती तक्रार करणारी बाई नव्हती, पण ऑक्सिजनची नळी भिंतीतून यायची म्हणून तिचं तोंड भिंतीकडे करावं लागायचं, आणि खाट भिंतीला टेकलेली. तिला दिवसभर फक्त भिंतीचा उडालेला रंग दिसायचा. मी तिच्या पाठीशी स्टुलावर बसून बोलायचो. ती बोट हलवून उत्तर द्यायची. मान दुसरीकडे केली की नळी ताणायची आणि मास्क सरकायचा. कुशीवर वळवलं की तिचा श्वास लगेच तुटायला लागायचा, तेव्हा तेही बंद केलं. भरवायचं ते मी मागून हात घालून, न बघता, नळकांड्याने पेज.

चौथ्या दिवशी दुपारी बाळंतिणींच्या वॉर्डातून माणूस धावत आला. एका बाईला रक्त जात होतं. डॉक्टर मशीन घेऊन गेल्या. नर्सही त्यांच्या मागे गेली. वॉर्डात आम्ही सोबतीची माणसं आणि रोगी, एवढेच राहिलो.

न्यालोंग्वे मास्कमधून काहीतरी म्हणाली. मी वाकलो.

"म्होने, मला वळवा."

मी म्हटलं, डॉक्टरांनी नको म्हटलंय.

"चार दिवस तुमचं तोंड दिसलं नाही. भिंत दिसते. मेलेल्या माणसाला पण असं टाकत नाहीत." मग श्वास घेऊन म्हणाली, "तुमच्या भावाला टाकलं होतं."

तिने तो दिवस पाहिला होता. ती तेव्हा काठावर उभी होती.

मी टमरेलात पाहिलं. कोरडं. आकडा उतरत होता. पाणी निघून गेलं होतं. मग आता हिला असं ठेवायचं कशासाठी, असं मला वाटलं. मी खळीच्याच हातांनी तिला खांद्याखाली आणि कमरेखाली धरलं आणि तिला उताणी केली. होडी वळवताना जितकी काळजी घेतो तितकी घेतली. नळी आवळू दिली नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "किती वाळलात."

मी म्हटलं, माझ्या हातचं जेवतो ना.

"गुठळ्या?"

"आता होत नाहीत."

तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले. मी गेले तर वेझीला फोनवर सांगू नका, म्हणाली. ती येईल तेव्हा सांगा. मी हो म्हटलं. ते मी पाळलं नाही. सीमा एप्रिलपर्यंत उघडली नाही, आणि आई कशी आहे असं मुलगी रोज विचारत होती. मी फोनवरच सांगितलं.

त्यानंतर ती माझा अंगठा धरून पडून राहिली. मला वाटलं तिला झोप लागली. मला बरं वाटलं, हे लिहायलाच हवं. चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. तासाभराने मी पाहिलं तर तिचे ओठ राखेसारखे झाले होते आणि गळ्याखालचा खळगा आत-आत ओढला जात होता. मी तिला पुन्हा पालथी करायला गेलो तर एकट्याने होईना, तिचं अंग सैल पडलं होतं. मी नर्सला हाका मारत पडवीपर्यंत धावलो.

डॉक्टर आल्या. हाताला रक्त होतं, ते त्यांनी माझ्यासमोर धुतलं. त्यांनी तिला पालथी करवली, मशीन लावलं, बारा जागा बघितल्या. माझ्याकडे एकदा बघितलं. चिकटपट्टीवर काही लिहिलं नाही. मी त्या आकड्याची वाट पाहत उभा होतो आणि त्यांनी पेन खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात चहा फिरत होता तेव्हा ती गेली.

जुलैमध्ये मी पोहोचलो तेव्हा दक्षिणेकडचा म्वेरा वारा सुटला होता आणि पडवीतल्या चुली पेटत नव्हत्या. तीच पडवी, बायका वेगळ्या. कोणी माझी चेष्टा केली नाही, त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. न्याकामांगा असती तर बरं झालं असतं. मी पीठ कालवलं, गाळलं, शिजवलं, थंड होऊ दिलं आणि बाटल्यांत भरून डॉक्टरांच्या खोलीत नेलं. मशीन तिथेच होतं. डॉक्टर बारीक झाल्या होत्या. बाटली उलटी करून त्यांनी जेल बोटावर घेतलं, घासून पाहिलं आणि म्हणाल्या, एकही गुठळी नाही.

मी दार लोटलं. म्हटलं, "डॉक्टर, माझ्या बायकोचं शेवटचं चित्र मला बघायचंय. जानेवारीची अठरा तारीख, दुपार."

त्या मला बसा म्हणाल्या. मी बसलो नाही. त्यांनी काही शोधलं नाही, लगेच उघडलं. म्हणजे त्यांना ते कुठे आहे हे माहीत होतं.

पडद्यावर डावीकडे सकाळचं चित्र, उजवीकडे दुपारचं. डावीकडे उभ्या रेघा, आणि एका जागी आडवीसुद्धा. उजवीकडे करडं, भरीव. मला समजावून सांगायची गरज नव्हती.

"आकडा किती होता?"

"बत्तीस," त्या म्हणाल्या. "सकाळी तेवीस."

मी सांगितलं की मी तिला वळवलं होतं. तासभर.

"मला माहीत आहे, बाबा. चादरीवर तुमच्या हाताची खळ होती, दोन्ही बाजूंना. कागदावर मी लिहिलं, रुग्ण आपणहून वळली. त्या आपणहून कूससुद्धा बदलू शकत नव्हत्या."

मी विचारलं, खोटं का लिहिलं.

त्या जेलच्या बाटलीचं झाकण लावत, काढत होत्या. "मी तुम्हाला सांगितलं, पाणी झालंय. ते पाणी नसतं, बाबा. म्हणजे ओल असते, पण बाहेर यायची नसते. फुप्फुस सुजून जड होतं आणि स्वतःच्याच वजनाने पाठीकडचा भाग दबून बंद होतो. पालथं केलं की त्याच्यावरचं वजन जातं, म्हणून तो उघडतो. परत उताणं केलं की परत मिटतो. हे सांगायला एवढाच वेळ लागतो. तेवढा मी दिला नाही. तुमचं टमरेल मी रोज बघत होते. मला वाटलं, उलटीसाठी आहे. फेब्रुवारीत दुसऱ्या एका माणसाने तसंच टमरेल ठेवलं, त्याला विचारलं, तेव्हा कळलं."

बाहेर कोणीतरी बादली ओढत नेत होतं.

मी म्हटलं, "मला एवढंच सांगा. वळवलं नसतं तर?"

"माहीत नाही."

"डॉक्टर."

"खरंच माहीत नाही, बाबा. त्याच आठवड्यात शेजारच्या खाटेवरचे मास्तर गेले. त्यांना कोणी वळवलं नव्हतं, आकडा वीस होता. आणि एक म्हातारी तीस असताना चालत घरी गेली. मी तुमची बायको वाचली असती म्हटलं तर खोटं, नसती म्हटलं तरी खोटं. एक खोटं लिहून झालंय माझं. आणखी नको."

सहा महिने मला वाटत होतं की चित्र बघितलं की उत्तर एकीकडे पडेल, इकडे किंवा तिकडे. मी दोन्ही चित्रं पुन्हा पाहिली. वेळ लिहिली होती, दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं. म्हणजे ती मला किती वाळलात म्हणाली तेव्हा साधारण सव्वा वाजला असेल. मला ते कधीच कळलं नव्हतं. तेव्हा मी वेळ पाहिली नव्हती.

डॉक्टरांनी मशीन हलवलं. म्हणाल्या, बाटल्या वॉर्डात न्यायला मदत कराल का? मला तिथे जायचं नव्हतं. पण त्यांच्या दोन्ही हातांत मशीन होतं. मी मास्क लावला, बाटल्या घेतल्या आणि मागे गेलो.

न्यालोंग्वेच्या खाटेवर एक तरुण मुलगी पालथी होती. तावोंगा तिचं नाव, शाळेत शिकवते, असं डॉक्टर चालता चालता म्हणाल्या. तोंड भिंतीकडे. डोक्याशी चिकटपट्टी, तिच्यावर सव्वीस. शेजारी तिची आई न्यागोंदवे स्टुलावर, मुलीच्या पायावर हात ठेवून. आणि मुलीच्या तोंडाखाली टमरेल. हिरवं होतं.

डॉक्टरांनीही ते पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, पण कोपऱ्यातल्या खाटेवरून हाक आली. एक माणूस उठून बसून मास्क ओढून काढत होता. त्या तिकडे गेल्या.

मी टमरेल उचललं. कोरडं होतं.

न्यागोंदवे म्हणाली, "ते राहू द्या, दादा. पाणी यायचंय अजून."

"येणार नाही," मी म्हटलं.

ती माझ्याकडे संशयाने बघायला लागली. मी इस्पितळाचा माणूस नव्हतो, माझ्या अंगावर लाकडाच्या भुशाने भरलेला शर्ट होता. मी तिला डॉक्टरांनी सांगितलं तसं सांगितलं, वजन, दबणं, उघडणं. तिला पटलं की नाही कळलं नाही. ती म्हणाली, "पोरगी सकाळपासून म्हणतेय, आई, वळव. तुझं तोंड दिसत नाही म्हणते. डॉक्टर गेल्या की थोडा वेळ वळवणार होते. थोड्या वेळाने काय होतंय."

"माझी बायको या खाटेवर होती," मी म्हटलं. "मी थोडा वेळ वळवलं."

हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो होतो, आणि बोललो ते एका अनोळखी बाईशी. तिने मुलीच्या पायावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. तिने विचारलं, "मग, दिसलं का तिला तुमचं तोंड?"

"दिसलं."

"काय म्हणाली?"

मी सांगितलं, वाळलात म्हणाली.

पालथ्या मुलीने बोट हलवलं. ती ऐकत होती. मास्कमधून पुन्हा तेच आलं, अस्पष्ट, आई, वळव. न्यागोंदवेचा हात उठला, तिच्या खांद्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. ती माझ्याकडे बघत होती. आता तिने काय करायचं ते मी सांगायला हवं होतं, आणि माझ्याकडे नको याशिवाय काही नव्हतं. नको हा शब्द मलाही सांगितला होता.

मी भिंतीकडे बघितलं. रंग अजून तसाच उडालेला होता. मग खाटेकडे बघितलं. चाकं गेलेली, लोखंडी पाय फरशीवर. मग नळी पाहिली, भिंतीपासून मास्कपर्यंत. भिंतीशी तिचं वेटोळं करून बांधलं होतं. निदान दोन हात नळी तशीच गुंडाळलेली होती. माझं आयुष्य लाकडं मोजण्यात गेलं आहे. जानेवारीत चार दिवस मी ते वेटोळं बघत बसलो होतो.

"तुम्ही पायाकडून धरा," मी म्हटलं.

आम्ही खाट उचलून भिंतीपासून हातभर पुढे घेतली. ओढली नाही, धक्का लागू नये म्हणून एक एक पाय उचलला. वेटोळं मी आधीच सोडलं होतं, नळी पुरली. खाट आणि भिंत यांच्यात एक माणूस बसेल एवढी जागा झाली. मी पडवीतून एक चटई आणली आणि तिथे अंथरली. न्यागोंदवे लुगडं सावरून आत शिरली, भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि मान कलती केली. मुलीचं तोंड आणि तिचं तोंड समोरासमोर आलं.

मला त्या दोघी दिसत नव्हत्या. मी या बाजूला होतो, मुलीच्या पाठीशी, जिथे मी तेव्हा बसायचो तिथेच. पलीकडून न्यागोंदवेचा आवाज आला. ती काहीतरी शेजारणीच्या कोंबडीबद्दल सांगत होती.

डॉक्टर मशीन घेऊन परत आल्या. त्यांनी पुढे आलेली खाट पाहिली, मागे बसलेली आई पाहिली, आणि कोणाला काही विचारलं नाही. बाटली मागितली. मी झाकण काढून दिली. त्यांनी मुलीच्या पाठीवर खळ लावली, ती शहारली.

मी हिरवं टमरेल बाहेर नेलं, धुतलं आणि पडवीत पालथं घातलं. मग पुन्हा चूल पेटवली. आणखी चार बाटल्या लागणार होत्या.